दाखवण्यापुरता एक हात

अर्ध्या शहराच्या भिंतींचे रंग ज्याने ठरवले, त्याच्या स्वतःच्या घरातला एकही रंग त्याने निवडलेला नव्हता. ऐकायला गंमत वाटते. शेडमास्तरांना त्यात कधी गंमत वाटली नाही, आणि त्यांच्या बायकोला तर अजिबातच नाही.

चौतीस वर्षं ते रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले; रंगाची नेमकी शेड सांगायचे, म्हणून सगळे त्यांना शेडमास्तर म्हणायचे. गिऱ्हाइकाने नुसतं "क्रीम" म्हटलं तरी त्याला कुठलं क्रीम हवंय हे ते ओळखायचे, आणि एकटा आलेला नवरा उद्या बायकोला घेऊन परत येणार हेही. एखादा डबा मिसळताना चुकायचा, एखादा रंग घरी नेल्यावर कुणाला तरी आवडायचा नाही. असे परत आलेले डबे कोण घेणार? मालक म्हणायचा, "मास्तर, घेऊन जा तुम्ही." मास्तर घेऊन जायचे. त्यामुळे त्यांच्या बैठकीच्या खोलीला कुणाचा तरी फसलेला गुलाबी होता, स्वयंपाकघराला एका दाताच्या डॉक्टरने नाकारलेला हिरवा, आणि झोपायच्या खोलीला काळ्याचा थेंब जास्त पडलेला निळा. "या घरातला एक तरी रंग कुणाला आवडलेला आहे का हो?" असं बायको विचारायची. आधी हसून विचारायची, पुढे पुढे न हसता. दोन वर्षांपूर्वी त्या निळ्या खोलीतच ती गेली. त्यानंतर मुलाने "सोयीचं पडेल" म्हणून घराचे कागद आपल्या नावावर करून घेतले आणि मास्तरांनी बोट दाखवलं तिथे सही केली.

घरासाठी रंग निवडायची वेळ कधी आलीच नव्हती, म्हणूनच एके सकाळी चहा पिताना मुलगा म्हणाला, "बाबा, घर रंगवून घेऊ या. आतून, बाहेरून, सगळं. रंग तुम्हीच निवडा, आम्हाला काय कळतंय त्यातलं," तेव्हा मास्तरांच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचा माणूस शिरला. अर्धा चहा तसाच ठेवून ते दुकानात गेले.

तीन आठवडे त्यांनी घरात कुणाला धड बसू दिलं नाही. रंग कार्डावर बघायचा नसतो, भिंतीवर बघायचा असतो, कार्डावर फिका वाटतो तो भिंतीवर दुप्पट गडद होतो, हे त्यांनी सुनेला इतक्या वेळा सांगितलं की तिला ते पाठ झालं. नमुन्याच्या डब्या आणून त्यांनी प्रत्येक भिंतीवर वीतभर पट्टे मारले. सकाळी पडदा उघडून बघायचे, दुपारी पडदा ओढून बघायचे, संध्याकाळी दिवा लावून बघायचे. "घराला गोवर झाल्यासारखं दिसतंय," सून म्हणाली, आणि मास्तरही हसले. स्वयंपाकघरात ऊन येत नाही, म्हणून तिथे ताकाकडे झुकणारा पिवळा. बाहेरून राखाडी, कारण रस्त्याची धूळ त्यावर दिसत नाही. स्वतःच्या खोलीसाठी मात्र त्यांना नऊ दिवस लागले. शेवटी कोबीच्या आतल्या पानाचा असतो तसा हिरवा त्यांनी ठरवला. बायकोला तो आवडला असता असं त्यांना वाटलं, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं हे आठवलं.

सगळी यादी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून मुलाला दिली. मुलाने ती न उघडताच खिशात टाकली. "मस्त," तो म्हणाला.

सोमवारी पेंटर टेम्पो घेऊन आला. तीस वर्षांची ओळख. मास्तर लगबगीने खाली उतरले, डबे मोजायला. सहा मोठे डबे होते आणि सहाही डब्यांवर एकच नाव होतं. ऑफ-व्हाइट, तोही सगळ्यांत हलक्यातला.

"बाकीचे मागून येतायत का?"

पेंटर दोरी सोडण्यात गुंतला.

"पुट्टी कुठंय? प्रायमर?"

"मास्तर, मला जे सांगितलं तेच मी आणलंय," पेंटर म्हणाला. "एकच हात मारायचाय."

यापुढे मास्तरांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. घर विकायचंय असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं की तेच काउंटरवर रेलून सांगायचे, "मग आवडीनिवडी विसरा. पुट्टी नको, प्रायमर नको. ऑफ-व्हाइटचा एक हात, दाखवण्यापुरता. आधी इथे कोण राहत होतं, हे घेणाऱ्याला दिसता कामा नये." लोक खूश होऊन जायचे. हा सल्ला मास्तरांनी घरीसुद्धा कौतुकाने किती वेळा सांगितला होता, आणि मुलगा तेव्हा समोर बसून अभ्यास करत असायचा.

ते वर आले तेव्हा मुलगा बूट घालत होता.

"घर विकतोयस?"

"तुम्हाला सांगणारच होतो, बाबा."

"कधी? टेम्पो आल्यावर?"

"ऑफिस किती लांब पडतं, तुम्ही बघताय ना? एक फ्लॅट बघितलाय. लहान आहे, पण लिफ्ट आहे."

"त्यात माझी खोली कुठली?"

मुलाने एकदा बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. "सध्या हॉलमध्ये तुमची सोय करू. पुढचं पुढे बघू."

"मग तीन आठवडे मला रंग कशाला निवडायला लावलेस?"

मुलगा वैतागला. त्याला खरंच वाटत होतं की आपल्यावर अन्याय होतोय. "आई गेल्यापासून तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसायचात. म्हटलं, बघायचंच आहे तर काहीतरी उद्योग होईल. तेवढाच तुमचा वेळ चांगला गेला. यात माझं काय चुकलं?"

मास्तरांना त्या क्षणी मुलाचा भयंकर राग आला. चार दिवसांत पेंटरने गुलाबी, निळा, हिरवा आणि मास्तरांचे सगळे पट्टे पुसून टाकले.

शनिवारी एक जोडपं घर बघायला आलं. मुलाने आधीच बजावलं होतं, "बाबा, तुम्ही नुसतं हसा." आणि मग आलेल्यांवर छाप पाडायला त्यानेच फुशारकी मारली, "आमचे बाबा चौतीस वर्षं रंगाच्या दुकानात होते. भिंतीला नुसता हात लावून सांगतात." झालं. ती बाई सगळं घर फिरली, तिला ते आवडलं, आणि शेवटी मुलाला सोडून ती मास्तरांकडे वळली.

"काका, ओल वगैरे नाही ना?"

दुकानात लोक जसे विश्वासाने विचारायचे तसंच तिने विचारलं. मास्तरांनी उत्तर दिलं. ते खरं बोलले असं समजून कुणी त्यांचं कौतुक करू नये. कपाटामागे ओल होती, पण एका विटेपुरती. त्यांनी ती अख्ख्या भिंतीला लावली. वर्षभरात पोपडे सुटतील म्हणाले, छत गळतं म्हणाले. त्यावरही बाईचा नवरा खिडक्या मोजत राहिला, तेव्हा तुळईला तडा गेलाय आणि तो पुट्टीने बुजवलाय, असंही सांगून मोकळे झाले. गिऱ्हाइकाशी आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं बोलले, आणि तेही सराईतासारखे. बाईने त्यांचे आभार मानले. तिने पुढे आणखी चार जणांना सांगितलं असणार, कारण नंतर घर बघायला कुणी फिरकलंच नाही.

"कुठे आहे तडा?" जोडपं गेल्यावर मुलाने विचारलं. "दाखवा मला."

मास्तर उघड्या राहिलेल्या खिडक्या लावू लागले.

"घर विकायचं नव्हतं तर तसं मला सांगायचं होतं."

"तू विचारलंस कुठे?"

खरं तर विचारलं असतं, तर मास्तरांनी बहुधा हो म्हटलं असतं. मुलाला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. पण ते आता सांगून उपयोग नव्हता, आणि सांगितलं असतं तरी मुलाचा विश्वास बसला नसता.

महिन्याभरात मुलगा आणि सून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. जाताना मुलगा वाकडं काही बोलला नाही, किल्ली टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "राहा आता निवांत." तो आठवड्यातून एकदा फोन करतो, औषधं संपली का विचारतो आणि ठेवतो.

पेंटरला मात्र राहवेना. त्यालाही कुठेतरी लागलं असावं. एका सकाळी तो ब्रश, रोलर, पुट्टी सगळं घेऊन दारात उभा राहिला. "मास्तर, मजुरीचं बघू नंतर. आता सांगा, कुठल्या खोलीला कुठला रंग? तुम्ही म्हणाल तो मारतो. चांगले दोन हात."

मास्तरांनी एकदा चारही खोल्यांवरून नजर फिरवली.

"राहू दे रे," ते म्हणाले. "घरात आहे कोण?"