पाळकसाहेबांचा घसा

पाळकसाहेबांचा आवाज असा होता की उपासनेच्या मध्येच माइक बंद पडला, तर ते फक्त वायरमनच्या लक्षात यायचं. मंडळीतले लोक त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा'. साहेबांना हे ठाऊक होतं. खरं सांगायचं तर ते नाव त्यांना आवडतही होतं. पण आवडतं हे दाखवायचं नाही, एवढी नम्रता त्यांच्याकडे होती.

नम्रता हा त्यांचा हातखंडा विषय. "मी धुळीचा कण आहे!" असं ते व्यासपीठावरून गरजत, तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरत आणि पहिल्या बाकावरची पोरं आईला बिलगत. एवढा मोठा धुळीचा कण त्यांनी कधी पाहिला नव्हता.

त्या वर्षी पाळकांच्या मोठ्या संमेलनात मुख्य वक्ते म्हणून साहेबांना बोलावणं आलं. विषय अर्थातच नम्रता. जाहिरातीसाठी फोटो मागितला, तेव्हा साहेबांनी फोटोग्राफरला हैराण करून सोडलं. पहिल्या फोटोत ते गर्विष्ठ दिसत होते, दुसऱ्यात झोपलेले. शेवटी नजर खाली, मान किंचित कललेली आणि गालावर उजेड, असा एक फोटो मनासारखा आला. तो त्यांनी मोठा करून घ्यायला सांगितला.

भाषणाची तालीम न्हाणीघरात चालायची, कारण तिथे आवाज घुमतो. एके दिवशी सकाळी 'धुळीचा कण' म्हणायला त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंडातून नुसती फुस्स हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फुस्स.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. "स्वरयंत्रावर गाठी आल्यात. साध्या आहेत, घाबरू नका. पण दोन महिने तोंड बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही."

साहेबांनी कळवळून वर बोट दाखवलं.

"त्याच्याशीही मनातल्या मनात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याचे कान चांगले आहेत."

साहेबांची बायको शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. दिवसभर तीस पोरांचा कलकलाट ऐकून घरी आली की भोंगा, असा तिचा संसार. तिने शाळेतून एक पाटी आणि खडू आणून नवऱ्याच्या हातात दिला. साहेबांनी पहिलंच वाक्य लिहिलं: 'माझ्याशिवाय मंडळीचं कसं होणार?'

तिने ते वाचलं, ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि विचारलं, "आणखी काही लिहायचंय?"

मंडळीचे वडीलजन घरी आले. रविवारी उपदेश कोणी करायचा, हा प्रश्न होता. मंडळीत एक प्राध्यापक होते, चांगले बोलायचे. त्यांचं नाव निघताच साहेबांनी मान जोरजोरात हलवली आणि पाटीवर लिहिलं: 'गोदामवाले काका.'

गोदामवाले काका म्हणजे देवमाणूस, पण बोलायला उभे राहिले की ऐकणाऱ्याची परीक्षा. प्रत्येक वाक्याआधी 'म्हणजे काय की' आणि वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. वडीलजन एकमेकांकडे बघत राहिले. मग एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, एवढा मोठा वक्ता, पण एका साध्या माणसाला पुढे करतोय!" साहेबांनी फोटोतल्यासारखी नजर खाली केली. मनात ते म्हणत होते, बसा आता. दोन रविवारांत माझी किंमत कळेल.

रविवारी साहेब आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या बाकावर बसले. काका उभे राहिले. त्यांनी जलप्रलयापासून सुरुवात केली, तिथून प्रार्थनामंदिराच्या गळक्या छपरावर आले आणि पुन्हा तारवाकडे काही गेले नाहीत. साहेबांना गुदगुल्या झाल्या. आता लोक किती कासावीस झाले असतील ते पाहावं, म्हणून त्यांनी नजर फिरवली.

कोणीच कासावीस नव्हतं. वकिलीणबाई डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या. व्यासपीठावरून पाहताना वर्षानुवर्षं साहेबांना वाटायचं, काय ही तल्लीनता! आज शेजारी बसल्यावर कळलं की त्या बारीक घोरतात. दर वाक्याला मान डोलावणारे एक गृहस्थ होते, साहेबांचा त्यांच्यावर फार जीव. त्यांच्या कानात सामन्याचं धावतं वर्णन चालू होतं. दोन बहिणी पडद्याच्या रंगावरून दबक्या आवाजात भांडत होत्या. आणि या सगळ्यांच्या हालचालींत अशी सफाई होती, की हे आज सुरू झालेलं नव्हे, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

उपासना संपली. दारात काका उभे राहिले आणि एकेक जण त्यांचा हात हातात घेऊन सांगू लागला, "आजचा संदेश काळजाला भिडला." तेच शब्द. तोच हात दाबणं. वकिलीणबाईंनी तर नेहमीसारखा रुमालही डोळ्यांना लावला.

साहेब घरी आले, जेवले नाहीत. पाटीवर लिहिलं: 'सगळे झोपतात.'

"अहो, हो," बायको म्हणाली. "मीही."

पुढच्या आठवड्यात संमेलनाच्या जाहिरातीवर नदीपलीकडच्या मंडळीच्या पाळकांचा फोटो चिकटवला गेला. कागद पातळ होता. नव्या चेहऱ्याखालून साहेबांचा कललेला कान दिसत राहिला.

साहेब घरात धुमसू लागले. बोलता येत नसल्यामुळे ते दारं आपटत. शेवटी बायको वैतागली. "असं कुढत बसण्यापेक्षा मेट्रनबाईंकडे जाऊन या. खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर आहेत. सून दिवसभर कारखान्यात."

साहेबांनी लिहिलं: 'मी तिथे काय करणार?'

"त्या बोलतील की."

मेट्रनबाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या, जिभेला धार असलेल्या विधवा. पूर्वी साहेब त्यांच्याकडे जायचे, पण उंबऱ्यावरच उभे राहून शेजारच्या घरांनाही पुरेल एवढी प्रार्थना करायचे आणि घड्याळ बघून निघायचे. या वेळी ते खुर्ची ओढून बसले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

"प्रार्थना नाही ना आज?" बाईंनी विचारलं. "देवाचे उपकार. दार ओढून घ्या, वारा येतो."

मग बाई बोलत राहिल्या. सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, इस्पितळातल्या जुन्या भांडणांबद्दल. मध्येच थांबल्या, चेहरा आक्रसला. "सून संध्याकाळी येणार. शेजारीणही आज नाही." त्या थोड्या घुटमळल्या आणि मग एकदम वॉर्डात द्यायच्या तसा हुकूम दिला. "पलंगाखाली बेडपॅन आहे. द्या तो मला आणि तोंड भिंतीकडे करा. नंतर संडासात नेऊन ओता. घासायला ब्रश तिथेच आहे."

साहेबांचे कान तापले. पण नाही म्हणायला आवाज नव्हता आणि पाटी घरी राहिली होती. त्यांनी सांगितलं तसं केलं. नाक वळवून, ओकारी दाबून, शर्टाच्या बाह्या वर सरकवून घासलंसुद्धा. आणि घासता घासताच त्यांना एक गोष्ट सुचली. केवढं उदाहरण! मुद्दा पहिला, भांडं. मुद्दा दुसरा, भांड्यात काय आहे. मुद्दा तिसरा, ते कोण उचलतो. रडतील लोक!

ते खोलीत परतले. बाईंनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या तोंडावर प्रवचन दिसतंय. ऐका. माझा बेडपॅन व्यासपीठावर नेलात तर याद राखा. मी मेले तरी."

साहेब ओशाळले. त्यांनी मान डोलावली, आणि बाईंनी हात पुढे करून तो शब्द पक्का करून घेतला.

त्यानंतर ते जात राहिले. पहिल्यांदा बायकोच्या धाकाने, मग घरी करमत नाही म्हणून, आणि मग का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उशी कशी सरकवायची, पाठ कशी फिरवायची, कूस बदलताना हात कुठे धरायचा, हे बाई शिकवत. चुकलं की ओरडत. "एवढी वर्षं हात वर करून आशीर्वाद दिलेत, हात खाली करून काही धरलं नाही वाटतं कधी!"

एका दुपारी बाई छताकडे बघत म्हणाल्या, "मुलगा गेला तेव्हापासून मला प्रार्थना येत नाही. पहिल्या बाकावर बसते, ओठ हलवते. त्याला म्हणते, तू आहेस की नाहीस ते एकदा सांग. हा गप्प. तुमच्यासारखा."

साहेबांकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. तीन मुद्द्यांचं, शास्त्रवचनांसह, कितीतरी अंत्यविधींत वापरलेलं. ते घशापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. त्यांनी ते गोळीसारखं गिळलं. गिळताना त्यांना पहिल्यांदाच त्याची चव कळली, आणि ती काही बरी नव्हती. बाई रडल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, आज काही बोलला नाहीत."

इथेच साहेब सुधारले, असं सांगून गोष्ट संपवता आली असती. पण दोन महिने झाले आणि आवाज परत आला.

पहिल्याच रविवारी साहेबांनी 'मौनाचं सामर्थ्य' या विषयावर उपदेश केला. तो इतका लांबला की घरोघरी जेवणं निवली. लोकांनी दारात सांगितलं, काळजाला भिडलं. पुढच्या रविवारी मौनाचा दुसरा भाग झाला. नदीपलीकडून आमंत्रण आलं, मौनावर बोला. साहेब गावोगाव मौनावर बोलत सुटले. मेट्रनबाईंकडे जायचं राहून गेलं. उद्या जाऊ, परवा जाऊ. बायकोने एकदा आठवण केली, दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा ती स्वतःच जाऊन आली.

आणि मग एका सकाळी सुनेचा निरोप आला, सासूबाई गेल्या.

अंत्यविधीला प्रार्थनामंदिर भरून गेलं. इस्पितळातले मोठे डॉक्टर आले, म्हाताऱ्या नर्सेस आल्या, नदीपलीकडचे पाळक मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. साहेबांनी सकाळी न्हाणीघरात तयारी केली होती. भांडं, भांड्यात काय, उचलतो कोण. बाई तर गेल्या, आता कोणाला दुखणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

ते व्यासपीठावर चढले. छाती भरून श्वास घेतला. समोर सून बसली होती. तिने बाईंचा जुना चष्मा हातात धरला होता. त्या चष्म्यातूनच बाईंनी एका नजरेत त्यांच्या तोंडावरचं प्रवचन वाचलं होतं.

"मेट्रनबाईंनी," साहेब म्हणाले, आणि थांबले. "मेट्रनबाईंनी मला त्यांच्याबद्दल इथून बोलायला मनाई केली होती. मी शब्द दिला होता. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. मी दुसरीकडे भाषणं देत होतो." पुढे काहीतरी सुंदर वाक्य यावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. आलं नाही. "प्रार्थना करू या," ते म्हणाले. दोन-चार वाक्यांतच ती प्रार्थना आटोपली आणि ते तिथेच मान खाली घालून उभे राहिले. या वेळी उजेड गालावर पडतोय की नाही, हे त्यांनी पाहिलं नाही.

बाहेर अंगणात त्यांना गर्दीने घेरलं. वडीलजनांपैकी एक म्हणाला, "साहेब, अशी नम्रता! मंडळीतर्फे गौरवाचा ठराव करायलाच हवा." वकिलीणबाईंचा रुमाल खरोखर ओला होता, निदान तसं वाटलं. नदीपलीकडच्या पाळकांनी त्यांना बाजूला घेतलं. "फार प्रभावी. ते मध्ये थांबलात ना, ते आधी ठरवलेलं? मीही करून बघीन."

साहेबांना खूप लाज वाटली. आणि लाजेच्या आत, पायमोज्यातल्या खड्यासारखा, आनंदही टोचत होता. ठराव झाला तर चौकट कुठे लावायची, इथपर्यंत मन जाऊन आलं. ते घाईघाईने तिथून निघाले.

दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या घरी गेले. सून सामान आवरत होती. तिने खुर्ची दिली आणि बराच वेळ काहीतरी घडी घालत राहिली. मग विचारलं, "साहेब, सासूबाई तुमच्याशी बोलायच्या. त्यांचा विश्वास होता ना शेवटी? मला त्या काही सांगायच्या नाहीत."

'शांतपणे प्रभूच्या हाती गेल्या,' हे वाक्य साहेबांच्या जिभेवर तयार होतं. हजारदा म्हटलेलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "शेवटी मी नव्हतो. मी होतो तेव्हा त्या देवाशी भांडत होत्या."

"भांडत?"

"कडाक्याचं. उत्तर मागायच्या. मला तर त्यांनी मध्ये बोलूही दिलं नाही."

सुनेला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. "भांडायच्या म्हणजे त्यांनी त्याला घरातलंच धरलं होतं," ती म्हणाली. "परक्याशी नाही भांडल्या त्या कधी. परक्यांना नुसतं हाकलायच्या."

इस्पितळातून आणलेला लोखंडी पलंग परत करायचा होता. गाडी खाली उभी होती, आणि गाडीवाल्याने जिन्याकडे बघून कपाळाला हात लावला होता. साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पायाकडची बाजू धरली. सुनेने आणि गाडीवाल्याने डोक्याकडची. जिना अरुंद, साहेबांना उलटं उतरावं लागत होतं. वळणावर बोटं कठड्यात चेमटली आणि त्यांच्या तोंडून पाळकाला न शोभणारा शब्द निघाला, तोही पूर्ण आवाजात.

खाली दोन वडीलजन सांत्वनाला आले होते. "अरे अरे, साहेब, तुम्ही कशाला!" असं म्हणत ते भिंतीला चिकटून बाजूला झाले.

आणखी कोण कोण बघतंय, म्हणून साहेबांची मान आपोआप वळली. वळली ती वळलीच, सवयीला औषध नाही.

"साहेब, खाली बघा!" सून वरून ओरडली. "पायरी आहे!"

"धरलाय," साहेब म्हणाले आणि एक पाऊल मागे, खाली टाकलं.