लाटाबाईचे कोरे दिवस

“कोरे रकाने आम्ही धरलेच नाहीत,” सल्लागार म्हणाला. “जिथं आकडा आहे, तेवढेच दिवस घेतले. त्यामुळं चित्र एकदम स्वच्छ आलं बघा.”

लाटाबाई खुर्चीच्या काठावर बसली होती. समोरच्या टेबलावर तीस वह्या रचलेल्या होत्या. अकरा तिच्या नवऱ्याच्या हातच्या, एकोणीस तिच्या. खारं पाणी पिऊन पानं फुगलेली, त्यामुळे वह्यांची चळत एका बाजूला कलली होती. शेजारी टाइप केलेला एक दाखला होता आणि त्याखाली तिच्या सहीपुरती रेघ. गेल्या तीस वर्षांच्या लाटांच्या नोंदी खऱ्या आणि पूर्ण आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

खऱ्या होत्या. त्याबद्दल कोणी तिच्याकडे बोट दाखवलं असतं, तर तिने ते बोट मोडलं असतं. दिवसातून तीनदा, आठ, बारा आणि पाच वाजता, ती बंदराच्या जुन्या बांधावरून टोकापर्यंत चालत जाई. तिथल्या दगडावर उभी राहून समोरच्या खुणेच्या खांबावर वीस लाटा मोजी, हातातल्या घड्याळावर त्यांचा काळ घेई आणि परत येऊन वहीत उतरवी. बंदरावर तिला तिच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती लाटाबाई.

“साहेब, कोरा म्हणजे काय समजलात तुम्ही?” तिने विचारलं.

सल्लागार तिशीतला, नम्र, स्वच्छ नखांचा. तो म्हणाला, कोरा म्हणजे माहिती उपलब्ध नाही. कोणी रजेवर असतं, कोणी विसरतं, सगळ्या बंदरांत होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

“मी रजेवर नव्हते. बांधावरून पाणी जात होतं म्हणून टोकाला जाता आलं नाही. मी तिथं नव्हते, साहेब. समुद्र होता.”

सल्लागाराने बंदर अधिकाऱ्याकडे पाहिलं. बंदर अधिकाऱ्याने खिडकीकडे.

योजना अशी होती. बंदरापासून पाच मैलांवर, उघड्या समुद्रात, खांबांवर एक धक्का उभारायचा आणि त्याला एक मोठं जहाज कायमचं बांधून ठेवायचं. दूरदेशांतून दुसरी जहाजं गॅस आणणार, गोठवून पाण्यासारखा पातळ केलेला. ती या जहाजाच्या कुशीला लागणार, नळ्या जोडून माल देणार आणि जाणार. बांधलेल्या जहाजावर त्या मालाला ऊब देऊन त्याचा पुन्हा वायू करायचा आणि समुद्राखालच्या नळातून किनाऱ्यावरच्या वीजघराला पाठवायचा. जमिनीवर टाक्या बांधायच्या तर पाच वर्षं जातात, हे दीड वर्षात उभं राहतं. शहरात रोज चार-चार तास वीज जात होती. दवाखान्यातली माणसं घामाने निथळत होती. नको कोणाला असेल?

प्रश्न एकच होता. दोन अजस्र जहाजं उघड्या पाण्यात एकमेकांना बांधून किती दिवस टिकतील? शंभरातले शहाण्णव दिवस टिकली, तर तसंच चालतं. त्याखाली गेलं, की धक्क्यापुढे दगडाची भिंत घालावी लागते, आणि भिंत म्हणजे आणखी तीन वर्षं. सल्लागाराचं उत्तर आलं होतं अठ्ठ्याण्णव. भिंत कागदावरून गेली. आणि ते अठ्ठ्याण्णव या फुगलेल्या वह्यांतून निघालं होतं.

लाटाबाईने दाखला घडी न करता परत सरकवला. म्हणाली, दोन दिवस द्या. बंदर अधिकाऱ्याने दिले. तो वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला आलेल्या बाईशी वाद घालू नये, एवढं त्याला कळत होतं.

कोऱ्या रकान्यांचा हुकूम याच कचेरीतून निघालेला होता. त्याआधी रकाना कोरा राहिला, की कारणे दाखवा नोटीस येई. तिच्या नवऱ्याला एका वर्षात दोन आल्या. तिसरी नको म्हणून तो एका संध्याकाळी पाचची नोंद घ्यायला बांधावर गेला. सकाळी समुद्र गरीब होता, दुपारी जरा उठला होता. लांबून येणारा फुगवटा असाच असतो. वर वारा नसतो, आभाळ निरभ्र असतं, आणि पाणी मात्र खालून खांदा देऊन उठतं. त्याची टोपी सापडली. तो सापडला नाही. महिनाभराने त्याची जागा तिला दिली आणि सोबत नवा हुकूम: बांधावरून पाणी जात असल्यास निरीक्षकाने जाऊ नये, रकाना कोरा ठेवावा, अंदाजाने काहीही लिहू नये. माणूस मेल्यावर सरकारला शहाणपण सुचतं, ते असं. शहाणपण खोटं नव्हतं. तिने एकोणीस वर्षं तो हुकूम पाळला. जे पाहिलं नाही ते लिहिलं नाही. आणि आता तिच्या त्याच सचोटीतून वर्षातले सगळ्यांत वाईट बारा-बारा दिवस कोणी चोरावेत तसे नाहीसे झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती फेरीबोटीच्या कचेरीत गेली. तिथे तात्या बसायचा, फेऱ्यांची वही लिहिणारा, नवऱ्याचा जुना दोस्त. तारखांची यादी तिने त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, या दिवशी तुझ्या वहीत काय आहे बघ. तात्याने चष्मा कपाळावर ढकलला.

“वहिनी, कोरे कागद गोळा करायला लागलात? आमच्याकडं डोकंही कोरंच आहे, तेपण न्या.”

पण त्याने वह्या काढल्या. दोघं जेवणाची सुट्टी सोडून बसली. तिच्या वहीत कोरा असलेल्या जवळजवळ प्रत्येक तारखेला तात्याच्या वहीतही फेरी नव्हती. पान कोरं, कुठे कुठे कोपऱ्यात कंटाळून काढलेलं एखादं मांजर. मग ती पायलट बोटीच्या खोलीत गेली. मोठ्या जहाजांना बंदरात वाट दाखवत आणणारी ती बोट. तिथल्या नोंदवहीतही त्याच तारखांना काही नाही. तीन वह्या, तीन हात, आणि समुद्र खवळला की तिन्ही मुक्या.

संध्याकाळी घरी मुलगा पत्र घेऊनच बसला होता. नव्या धक्क्यावर दोरखंडाच्या टोळीत त्याची निवड झाली होती. जहाज आलं की दोर घ्यायचे, धक्क्यावरच्या लोखंडी आकड्यात अडकवायचे, ताण बघायचा, वेळ आली तर सोडून द्यायचे. सहा वर्षं तो कुठे कुठे रोजाने राबला होता. पत्र त्याने ताटाशेजारी ठेवलं, डाग पडू नये म्हणून जरा लांब.

तिने त्याला सगळं सांगितलं. तो जेवत राहिला. मग म्हणाला, बंदराच्या साहेबांनी मला बोलावलं होतं. आईला समजाव म्हणाले.

“काय समजावणार तू?”

“आई, तुझ्या सहीनं समुद्र थांबणार आहे का? तू सही कर नाहीतर नको करू, जहाज यायचं ते येणारच. फक्त माझ्या नावापुढं फुली पडेल.”

“आणि भिंत नसली, तर त्या बारा दिवसांत त्या दोरांजवळ कोण उभं असेल रे?”

“मीच असेन. पगार घेऊन असेन.” त्याने पाण्याचा तांब्या रिकामा केला. “बाबा जिच्यापायी गेले, ती वही तू एकोणीस वर्षं लिहिलीस. तेव्हा नाही भीती वाटली?”

पोटासाठी लिहिली, याच्या पोटासाठी, हे खरं होतं. पण ते तोंडावर मारण्यासारखं नव्हतं. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि विषय सोडला.

धक्क्याच्या योजनेची बैठक कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर निळ्या समुद्रात निळं जहाज. त्या चित्रात एकही लाट नव्हती. लाटाबाईला शेवटची खुर्ची मिळाली. तिने तिन्ही वह्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडलेला कागद दिला आणि जमेल तितक्या सरळ भाषेत सांगितलं, की हे दिवस धरले तर शंभरातले पंचाण्णवही भरत नाहीत.

सल्लागाराने कागद नीट वाचला. खरंच वाचला, त्याला तो दोष देता येणार नाही. मग म्हणाला, मॅडमनी मेहनत घेतली आहे, पण तिन्ही ठिकाणी माहिती नाही म्हणजे तिपटीने माहिती नाही. फेरी यंत्र बिघडल्यानंही बंद राहते. नसलेल्या आकड्यावर आपण भिंत बांधू शकत नाही.

टेबलाभोवती माना हलल्या. शिकलेल्या माणसांच्या माना फार छान हलतात.

लाटाबाई उठली. नवऱ्याची शेवटची वही घेऊन सल्लागाराच्या खुर्चीपर्यंत गेली आणि एका पानावर बोट ठेवलं.

“हा दिवस तुमच्यात आहे का? चांगल्या दिवसांत?”

त्याने समोरच्या संगणकात तारीख टाकली. होता. सकाळी आठला सव्वा मीटर, बाराला दोन मीटर, पाचचा रकाना कोरा. दोन आकड्यांची सरासरी मर्यादेच्या आत बसत होती. जहाज बांधायला योग्य दिवस.

“त्या दिवशी पाच वाजता हे लिहायला गेलेला माणूस परत आला नाही,” ती म्हणाली. “माझा नवरा. चांगला दिवस आहे तुमचा.”

सल्लागाराचे कान लाल झाले. खोलीत कोणीतरी बाटलीचं झाकण उघडता उघडता थांबलं. मग तो अगदी हळू म्हणाला की फार वाईट वाटलं, मनापासून. पण एका दिवसानं टक्का बदलत नाही.

अध्यक्षांनी तिचे आभार मानले. इतिवृत्तात लिहिलं गेलं: निरीक्षकांची सूचना ऐकून घेतली.

दाखल्यावर तिने सही केली नाही. बंदर अधिकाऱ्याने खोलीत बोलावून चहा मागवला, समजावलं, शेवटी कंटाळला. ती म्हणाली, पूर्ण हा शब्द काढा, लगेच सही करते. तो म्हणाला, बाई, नमुना ठरलेला असतो, त्यातला शब्द मला काढता येत नाही. मग त्याने पेन उचललं आणि रेघेच्या वर ‘निरीक्षकाकरिता’ असं लिहून स्वतःची सही ठोकली. अर्धं मिनिट लागलं. तिने दोन दिवस, तीन वह्या आणि एक मेलेला नवरा खर्ची घातला होता. मुलाच्या नावापुढे फुलीसुद्धा पडली नाही. तिच्या नकाराची दखल घ्यावी, एवढंही कोणाला अडलं नव्हतं.

दीड वर्षात जहाज आलं. ठरल्या वेळेला आलं, हे कबूल करायला हवं. शहरातले दिवे टिकायला लागले. मुलगा पिवळं हेल्मेट घेऊन पंधरा दिवस धक्क्यावर, पंधरा दिवस घरी असा राहू लागला. त्याचा चेहरा भरला. एकदा तो म्हणाला, बघ आई, उगाच घाबरलीस. ती म्हणाली, देव करो आणि मी मूर्ख ठरो.

तिच्या निवृत्तीला सात आठवडे उरले होते. सकाळी आठला ती निघाली, तर बांधाच्या मध्यावरून पाणी पलीकडे पडत होतं. वारा नाही. आभाळ धुतल्यासारखं. पाणी आवाज न करता उठायचं, बांध ओलांडायचं आणि पलीकडे गेल्यावर मग आवाज यायचा. मुलाच्या पाळीचा अकरावा दिवस होता. आदल्या दिवशी एक मालवाहू जहाज कुशीला लागल्याचं त्याने फोनवर सांगितलं होतं.

ती मागे फिरली. कचेरीत येऊन तिने धक्क्याचा नंबर लावला. लागला नाही. पायलट बोटीच्या खोलीत विचारलं. ते म्हणाले, दोर सोडायचं चाललंय, काही तुटलेत म्हणतात, आमची बोट बाहेर काढता येत नाही.

लाटाबाईने वही उघडली. तारीख घातली. उंचीचा रकाना, काळाचा रकाना, दिशेचा रकाना. हुकूम तिला पाठ होता. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. तिने तिन्ही रकाने कोरे सोडले आणि शेऱ्याच्या रकान्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, लिहिलं: पाणी बांधावरून. मुलगा बाहेर आहे.

बाराला ती पुन्हा दारापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा तेच लिहिलं. बंदर अधिकारी मागे येऊन उभा राहिल्याचं तिला कळलं नव्हतं. रोजच्या पानावर दुपारी त्याची तपासणीची सही होई. त्याने खांद्यावरून वाचलं.

“बाई,” तो म्हणाला, “शेऱ्यात असं घरचं लिहीत नाहीत.”

तिने वही फिरवून त्याच्यापुढे सरकवली. “खोटं असेल तर खोडा.”

त्याने खिशातून पेन काढलं होतं. टोपण उघडलं, पानावर वाकला, आणि तसाच थांबला. मग टोपण लावलं, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. फोन त्याने स्वतःकडे घेतला, दर दहा मिनिटांनी फिरवत राहिला. चहा आला आणि निवला.

पाच वाजता लाटाबाईने तेच तिसऱ्यांदा लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.