विकासचा खुराक

विजयमालाबाईंचे वडील पैलवान, दोन्ही भाऊ तालमीतले. पोरं घाम गाळून आली की त्यांची आई पुढ्यात तुपाची वाटी ठेवायची आणि ती रिकामी झाल्याशिवाय कोणाला उठू देत नसे. मेहनत करणाऱ्याला खुराक नसेल तर शरीर स्वतःलाच खातं, हे विजयमालाबाईंना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांच्यापुढे नागपूरचे डॉक्टर काय टिकणार!

त्यांची मुलगी वैभवी धनजला दिलेली. तिचं यकृत निकामी झालं होतं. कोणी आपल्यातला तुकडा दिला तरच ती वाचणार होती. जावयाचा रक्तगट जुळेना, विजयमालाबाईंना साखरेचा आजार. राहिला धाकटा विकास. त्याचं सगळं जुळलं, पण दिवसभर मोबाइलच्या दुकानात बसून त्याच्या यकृतावर चरबी साठली होती आणि रक्तात कोलेस्टेरॉल. असं यकृत देता येत नाही. "तीन महिने वजनं उचला, तेल-तूप बंद करा, चरबी उतरेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर आम्ही वैभवीला सांभाळू."

कामरगावात चार घरं पलीकडे जायचं तरी गाडी काढणारा हा गडी. पण बहिणीसाठी पेटला. वैभवीनं दिवाळीला घरच्या तुपाची बरणी पाठवली होती. बरणीचं तोंड फडक्यानं बांधून त्यानं ती वरच्या फळीवर ठेवून दिली. रोज पहाटे अंगणात वाळू भरलेले डबे उचलायचा, सोयाबीनचं पोतं खांद्यावर घेऊन बैठका मारायचा. महिन्याभरात गाल बसले.

शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, "पोट्टं वाळून चाललं वं माय. एक तं गेल्यात जमा हाय, हा बी हातचा जाईन."

ते बोलणं विजयमालाबाईंच्या काळजात रुतलं. त्या दिवसापासून त्या भाकरीच्या पिठात तूप चोळू लागल्या. वरणात तूप सोडून वर लसणाची फोडणी अशी ठसकेबाज द्यायच्या की वास लागू नये. आपण एक लेकरू तरी राखतोय, याचं त्यांना समाधान होतं.

"माय, तुही भाकर लय मऊ होऊन राह्यली," विकास म्हणायचा.

"नवी ज्वारी हाय. खाय मुकाट्यानं."

गाल पुन्हा भरले. विकासला वाटलं, ताकद आली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी कागद दोनदा उलटून पाहिला. चरबी जवळपास तेवढीच, कोलेस्टेरॉल तर वाढलेलं. "एवढी मेहनत करून? खाता काय तुम्ही?"

"तुमी लिहून देलं तेच, साहेब. माय करते, मी खातो."

विजयमालाबाई शेजारीच बसल्या होत्या. आता सांगून काय उपयोग, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे त्यांना पोराच्या डोळ्यांची भीती वाटली. डॉक्टरांनी आणखी दोन महिने मागितले.

वैभवीकडे दोन महिने नव्हते. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. जाईपर्यंत भावालाच धीर देत होती. "तुह्यात खोट नाई रे, माहं नशीबच खोटं," म्हणत होती.

धनजला तेरवी उरकून मायलेक घरी आले. विकासनं डब्यांतली वाळू अंगणात ओतून टाकली आणि जेवायला बसला.

"माहं शरीरच नासकं निंगालं, माय. तीन महिने मरमर केली, तरी ताईच्या कामी नाई आलं."

विजयमालाबाईंनी हात पुढे केला. ताटातली भाकरी त्यांनी उगाच सरळ केली.

"आता तूप वाढ. आता कायले कोरडं खाऊ?"

"आज ऱ्हाऊ दे. उद्या..."

पण तो उठलाच होता. त्यानं फळीवरची बरणी उतरवली. फडकं त्याचंच होतं, गाठ मात्र त्याची नव्हती. ती सोडून त्यानं आत पाहिलं. तळ चमच्यानं खरवडून काढलेला होता. घरात खाणारी माणसं दोनच, आणि नवरा गेल्यापासून विजयमालाबाईंनी तूप तोंडात घातलं नव्हतं.

बरणी हातात धरून विकास ताटातल्या भाकरीकडे वळला. मग त्यानं आईकडे पाहिलं.

"माय," तो म्हणाला, "भाकर कायनं मऊ होत होती?"