तोगाशींच्या गाडीची दारं

"जोर लावू नका, रबर फाटेल," असं समोर राहणारा किताझुमे ओरडेपर्यंत तोगाशींनी दाराला झटका दिला होता. दार उघडलं, पण कडेचं काळं रबर फाटून लोंबायला लागलं.

तोगाशी ओशाळले. अख्ख्या नायोरो गावात आपली गाडीच तेवढी गोठत नाही, असं ते सांगत आले होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात बर्फ ओढायला गल्ली जमली की त्यांचं सुरू व्हायचं. घरी आलं की चारही दारं उघडायची, आतली ऊब घालवायची, म्हणजे बर्फ वितळून पुन्हा गोठत नाही, मगच गाडी बंद करायची. शिस्त लागते त्याला. लोक फावड्यावर रेलून ऐकायचे, हं हं म्हणायचे. कुणाची काच गोठलेली दिसली की हे मुद्दाम थांबून विचारायचे, "काल ऊब घालवली नव्हती वाटतं?"

आज फुसाएला, त्यांच्या बायकोला, दवाखान्यातून घरी आणायचं होतं. घसरून पडल्यानं तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती दवाखान्यात गेल्यापासून थंडी कोरडी होती, दारांनी त्रास दिला नव्हता. काल ऊन पडलेलं पाहून त्यांनी हौसेनं गाडी धुतली, नेमानं ऊबही घालवली. सकाळी चारही दारं चिकटून बसलेली. किटलीभर कोमट पाणी ओतलं, तेही तिथंच गोठलं.

किताझुमे चिकटपट्टी घेऊन आला. रबर दाबून बसवताना म्हणाला, "धुतल्यावर रबर पुसलं नाहीत का?"

"पुसायचं असतं?"

किताझुमेचा हात थांबला. "वहिनी रोज पुसायच्या की. तुम्ही संध्याकाळी अंघोळीला गेलात की कोरडं फडकं फिरवायच्या, वर रबर चिकटू नये म्हणून सिलिकॉनचा फवारा मारायच्या."

"ती तर बर्फ ओढायला जायची."

"तो ओढून झाला की."

"तुला कसं माहीत?"

"गल्लीत सगळ्यांनाच माहीत आहे, तोगाशीसान." मग तो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी पडल्या त्याही इथंच. मीच उचललं. फडकं हातात होतं."

रुग्णवाहिकेत तोगाशी तिच्यावर डाफरले होते. अंधारात बाहेर काय अडलं होतं तुझं? आता त्यांचे कान तापले. फावड्यावर रेललेली ती सगळी तोंडं आठवली. इतक्या वर्षांत एकही जण हसला नव्हता, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

दवाखान्याच्या दारात नर्सनं फुसाएला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चिकटपट्टी तिला लगेच दिसली. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"पाणी ओतलंत?"

"कोमट होतं."

"हं."

तोगाशींनी तिचा पाय अलगद गाडीत घेतला. वाटेत त्यांनी मनात बरीच जुळवाजुळव केली, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "वारा लागतोय का?"

"थोडा." तिनं फटीवर मफलर दाबून धरला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "अहो, कुणी विचारलंच तर सांगा, दवाखान्यातल्या माणसानं ओढलं दार."

गल्ली बर्फ ओढत होती. सगळ्यांनी फावडी थांबवून फुसाएला वाकून नमस्कार केला. चिकटपट्टीकडे कुणीच पाहिलं नाही. तोगाशी खाली उतरले. टोपी काढून हातात घेतली.

"रबर मी फाडलं," ते म्हणाले. "पुसायचं असतं हे मला माहीत नव्हतं. ही पुसायची."

एक म्हातारा म्हणाला, "या थंडीत होतं असं." मग त्यानं पाठ फिरवून फावडं चालवायला घेतलं. त्याच्यामागून बाकीच्यांनीही घेतलं.

तोगाशींनी फुसाएच्या बाजूचं दार उघडलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"सांगायची काय गरज होती?" ती चिडून म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर सगळा भार टाकून उभी राहिली.