दुसरं वर्तुळ

आठ मिनिटांची घंटी वाजली तशी ताईने यंत्रावर गोल गोल हलणारं पांढरं कार्ड उचललं आणि दिव्याखाली तिरकं धरलं. पहिल्या वर्तुळात काळे दाणे जमले होते. ते जमायलाच हवेत; तिथे मुद्दाम रोग असलेलं रक्त घालतात. दुसरं वर्तुळ सपाट, राखाडी राहायला हवं होतं. त्यातही दाणे होते.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दाणे होते तिथेच होते.

दर मंगळवारी दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त सिफिलिससाठी तपासलं जाई. प्रत्येक कार्डावर बायकांच्या आधी ही दोन वर्तुळं: एक रोगाचं, एक बिनरोगाचं. ही दोन बरोबर आली तरच पुढच्यांवर विश्वास ठेवायचा. बिनरोगाच्या रक्ताची बाटली वरून वेळेवर येईल तर शपथ. म्हणून ताई आपलंच रक्त वापरायची. रबरी पट्ट्याचं टोक दातांत धरून दंड आवळायचा आणि स्वतःच सुई टोचायची. नियमात हे बसत नव्हतं, पण अकरा वर्षं चाललं होतं, आणि चालत आलेल्या गोष्टीत कोण कशाला नाक खुपसतो? रिपोर्ट टाइप करणारे काका तर म्हणायचे, आमच्या ताईचं रक्त म्हणजे धुतल्या तांदळासारखं. हे तिने घरी नवऱ्यालाही हसत हसत सांगितलं होतं.

कार्डच खराब असेल, असं म्हणत तिने आज काकांनाच बाही वर करायला लावली. त्यांचं रक्त घालून सगळं पुन्हा मांडलं आणि आठ मिनिटं यंत्रापाशी उभी राहिली. दुसरं वर्तुळ सपाट आलं. बायकांची आठही सपाट आली. म्हणजे कार्ड चांगलं होतं.

“घ्या! या वयात आम्ही धुतल्या तांदळासारखे निघालो,” काका म्हणाले. मग तिचं तोंड पाहून ते सरळच असलेले कागद पुन्हा सरळ करत बसले.

डॉक्टरीणबाईंनी तिची नळी पक्क्या तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तीन दिवस लागणार होते. परवापर्यंत ताप होता ना तुला, त्या म्हणाल्या, तापाने येतात कधी कधी खोटे दाणे. हे ताईला कुणी सांगायला नको होतं. दाणे आलेल्या बाईला खिडकीशी बोलावून ती स्वतःच ते सांगायची. खोटंही असतं, पक्कं कळू दे. आणि पक्कं कळलं की तिचं दुसरं वाक्य ठरलेलं होतं: आधी इंजेक्शन, भांडण मग. रडणाऱ्या बायकाही त्यावर जराशा हसायच्या. मिस्टरांना घेऊन या, हे ती त्यानंतर सांगायची.

गेल्या मंगळवारपर्यंत आपलं वर्तुळ सपाट होतं, हे ती दिवसभर मनाशी घोकत राहिली. तापच असणार. निघताना मात्र तिने पर्समध्ये एक सुई, एक नळी आणि पट्टा टाकला.

दार नवऱ्यानेच उघडलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामाने तो महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असायचा. घरी असला की मंगळवारी दार हटकून तोच उघडायचा.

“काय, सगळं ठीक ना?” त्याने विचारलं.

हेही मंगळवारचं ठरलेलंच. इतर वारी तो मान वर करून बघायचाही नाही, पण मंगळवारी विचारायचा, आणि तिला ते फार आवडायचं. ठीक, ती म्हणाली.

खोलीत वर्तमानपत्रावर त्याने छताचा पंखा खोलून ठेवला होता. संध्याकाळचं ऊन अजून भिंतीवर होतं, जीव नकोसा करणारा उकाडा होता, आणि त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. साखर बघून घेऊ, हात द्या, असं ती म्हणाली. त्याची साखर ती दर पहिल्या तारखेला बघायची. अजून पहिली कुठे आलीय, असं पुटपुटत त्याने उजवा हात पुढे केला.

“डावा. उजवी नस पळते तुमची.”

“आज उजव्याचीच घे.”

ती पट्टा धरून तशीच बसून राहिली. शेवटी त्याने डाव्या बाहीचं बटण काढलं.

कोपराच्या घडीत पिवळा-हिरवा डाग होता. लोक पेपर वाचतात तसा तिने तो वाचला. दहा दिवसांपूर्वीचा. पहिली सुई चुकली, दुसरी नसेच्या पार गेली. तापाची आशा तिथल्या तिथे संपली.

“कुणी काढलं?”

“कामावर होतो, तिथल्या दवाखान्यात.”

“दोनदा टोचलंय.”

“नवीन होती. हात कापत होता तिचा.”

“रिपोर्ट?”

त्याने वर्तमानपत्रावरचा एक स्क्रू उचलून दुसरीकडे ठेवला. “एक इंजेक्शन झालं. दोन राहिलीत.”

मला कधी सांगणार होता, असं तिने विचारलं. तो खरोखरच गोंधळल्यासारखा दिसला.

“तुझं तर दर मंगळवारी तपासलं जातं. काही असतं तर तुलाच आधी कळलं असतं. गेल्या मंगळवारी तू नेहमीसारखी घरी आलीस. म्हटलं, सुटली. मग सांगून उगाच कशाला?”

तिला राग आला, इतका की बोटांतला पट्टा तिने पीळ पडेपर्यंत गुंडाळला. मग एकदम तिला दार आठवलं. मंगळवारी हटकून उघडणारं.

“किती वर्षं विचारताय?” ती म्हणाली. “सगळं ठीक ना, असं?”

तो बाहीचं बटण लावायला लागला. ते काही केल्या लागेना.

पुढच्या मंगळवारी कुणी न सांगता काकांनी बाही वर केली. पक्का रिपोर्ट येऊन कंबरेत सुई घेतल्याला चार दिवस झाले होते तरी ठणकत होतं, म्हणून ताई उभ्यानेच काम करत होती. दोन आठवड्यांपूर्वी दाणे आलेली एक बाई त्या दिवशी आली; तिचे दाणे पक्के निघाले होते. ताईने तिला खिडकीशी बोलावलं.

“आधी इंजेक्शन,” ती म्हणाली.

बाई पुढचं ऐकायला थांबली होती. ताईने पुढची नळी उचलली.