भट्टीतून निघालेल्या तीन रेघा

मित्रांनो, जुन्या मोटारीचं बॉनेट उघडलंत की इंजिनाच्या माथ्यावर एक लांबट झाकण दिसतं ना, ते मी. मिस्त्री लोक मला टॅपेट कव्हर म्हणतात. नाव काही गोड नाही, पण आतलं तेल बाहेर उडू न देणं हे माझं काम, आणि ते मी इमानेइतबारे केलं.

औशाचे आडत दुकानदार गुरुबसप्पा यांच्या फियाटचं मूळचं झाकण सडून गेलं, तेव्हा त्यांनी मला नांदेडला ओतून घेतलं. काळ्या वाळूच्या साच्यात वितळलेलं अॅल्युमिनियम पडलं आणि मी जन्मलो. अंगावर बारीक बारीक छिद्रं राहिली. ओतारी ओशाळला, दुसरं ओततो म्हणाला. गुरुबसप्पा म्हणाले, असू द्या हो, माणूस तरी कुठं सगळा गुळगुळीत असतो! त्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो.

रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की ते तसेच गाडीपाशी यायचे. बॉनेट उघडायचं, बोटांवर उरलेली विभूती माझ्या अंगावर ओढायची, तीन आडव्या रेघा, आणि मगच तेल बघायचं. एकदा बॉनेट हातावर आदळून त्यांची अनामिका वाकडी झाली होती. त्यामुळं खालची रेघ कधी सरळ आलीच नाही. शेवटाला वर चढून ती मधल्या रेघेला भिडायची. त्यांची बायको नीलाबाई चिडवायच्या, देवाला तरी सरळ लावा म्हणून. ते म्हणायचे, देवाला माझं बोट ठाऊक हाय. यंदा तुला कपिलधारच्या यात्रेला गाडीनं नेतो, असंही ते दरसाल म्हणायचे, आणि दरसाल दुकानाचा हंगाम आडवा यायचा.

मग गुरुबसप्पा लिंगैक्य झाले. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. तशी दिली. त्या दिवसापासून नीलाबाई गाडीकडं फिरकल्या नाहीत. ताडपत्रीखाली आम्ही पडून राहिलो. उंदरांनी वायरी कुरतडल्या, कबुतरांनी घाण केली, आणि मला विचारणारं कुणी उरलं नाही. लई वाईट वाटायचं. पण एक गोष्ट सांगतो, हसू नका. सकाळी पूजेची वेळ झाली की ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग एकदा करकरायची. सीटवर कुणी नसायचं.

बऱ्याच वर्षांनी नातू रुद्रेशनं ताडपत्री ओढली. गाडी पुन्हा नव्यासारखी करायची त्याला हौस होतीच, पण घाई वेगळ्याच कारणानं होती. काचबिंदूनं आज्जीची नजर चालली होती. ती पार जायच्या आत अप्पांचा, म्हणजे आजोबांचा, शब्द पुरा करायचा, आज्जीला याच गाडीनं कपिलधार दाखवायचं, हा ध्यासच त्यानं घेतला होता. नीलाबाईंनी मात्र साफ नकार दिला.

"ते न्हाईत त्या गाडीत. मी बसणार न्हाई," त्या म्हणाल्या.

गाडी बघितली की मन वळेल, असं समजून रुद्रेश मला लातूरच्या एमआयडीसीत संगमेशच्या पावडर कोटिंगच्या कारखान्यात घेऊन आला. तिथं वाळूचा मारा करून माझी सगळी जुनी कातडी सोलली. मग बंदुकीतून काळ्या रंगाची भुकटी उडवली. विजेच्या जोरावर ती पिठासारखी अंगाला धरते. बोट लागलं की पुसून जाते, म्हणून भट्टीत जाईपर्यंत कुणी हात लावायचा नसतो. भट्टीत ती वितळते आणि पक्की बसते.

मी भट्टीतून निघालो तो अंगावर तीन आडव्या रेघा घेऊनच. रंग तेवढ्याच जागी धरला नव्हता.

संगमेश कामगारांवर तापला. तोही लिंगायतच, रोज सकाळी भट्टीला विभूती लावणारा. कुणीतरी भक्तीच्या भरात भुकटीवर बोटं ओढली, असं त्याला वाटलं. तसं कुणी केलं असतं तर रेघा अशाच उमटल्या असत्या, यात शंका नाही. त्यानं मला पुन्हा सोललं, स्वतः भुकटी मारली, स्वतः आकड्याला टांगलं आणि भट्टीच्या दारापाशी उभा राहिला. आत कुणी नव्हतं, मित्रांनो. मी होतो ना तिथं! त्या आगीतसुद्धा माझ्या अंगावरून काहीतरी थंडगार सरकलं. एक बोट, दुसरं, आणि मग ते वाकडं.

रेघा पुन्हा आल्या. संगमेशच्या तोंडचं पाणी पळालं. छिद्रांत मुरलेलं तेल तापून वर येतं, असं तो म्हणाला. मग ते तीन रेघांतच कसं मुरलं, असं रुद्रेशनं विचारलं. "हे भंगारात टाक, रुद्रेश. नवं ओतून घे," एवढंच बोलून त्यानं मला पोत्यात गुंडाळलं.

घरी आल्यावर रुद्रेशनं पोतं ओसरीवर टाकलं आणि नांदेडच्या ओताऱ्याला फोन लावला. माझा जीव टांगणीला लागला. नीलाबाई चाचपडत आल्या, पायाला पोतं लागलं म्हणून खाली बसल्या. त्यांचा हात माझ्यावरून फिरला आणि थांबला. एक बोट खालच्या रेघेवरून हळूहळू पुढं गेलं, वर चढलं, मधल्या रेघेला भिडलं. त्या ढसाढसा रडल्या.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या. "हे त्यांचं बोट हाय. मी येते कपिलधारला."

रुद्रेशनं मला तसंच बसवलं. निघायच्या सकाळी नीलाबाई पुढच्या सलग, बाकासारख्या सीटवर जाऊन बसल्या. रुद्रेश स्टिअरिंगकडं वळला, तशी त्यांनी त्याला अडवलं. आधी त्यांना विचार, म्हणाल्या. त्याला हसू आलं, पण आज्जीचा चेहरा बघून त्यानं रिकाम्या सीटपुढं हात जोडले.

"अप्पा, बसू का?"

स्प्रिंग करकरली. दबलेली गादी हळूच वर आली, कुणी उठून जागा द्यावी तशी. रुद्रेश अंग चोरून स्टिअरिंगमागं बसला. नीलाबाई मात्र पदर सावरून थोड्या सरकल्या, मधे एका माणसाची जागा करून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, रंगवा, चकचकीत करा. आम्हालाही ते आवडतं. फक्त घासण्याआधी एकदा डोळे मिटून हात फिरवा. कुणाचं बोट हाताला लागलं, तर तेवढी जागा सोडा.