न हलता

बायको पुरिता गेल्यापासून एलादियोने डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. भेटायला येणारे म्हणत, म्हातारा मोठा घट्ट. घट्ट कसला! त्याची धाकटी बहीण इसिंग पाळतीवर होती, म्हणून. शवपेटीच्या काचेवर आसू पडला तर जाणाऱ्याचा पाय निघत नाही, असं त्यांच्यात मानतात. एलादियो काचेकडे वळला की इसिंग त्याचा सदरा धरून मागे ओढायची.

सकाळी दोहाहून लेकीचा, रोवेनाचा फोन आला. ती तिथे एका घरी कामाला होती. मालकीण रजा देईना, पासपोर्टही तिच्याच कपाटात. आईला पोचवायला येणं आता होणार नव्हतं. पोरीचा आवाज रडून पार बसला होता. तिने एकच मागितलं, एक फोटो. नानायचा, आईचा, चेहरा दिसायला हवा आणि मागच्या खिडकीतलं सांतोलचं झाडही दिसायला हवं. आजारपणात नानाय फोनवर त्या झाडाचंच काहीबाही सांगत असे.

"आणि तिच्या शेजारी तुम्ही उभे राहा, ताताय. तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे," एलादियो म्हणाला.

त्याचा जन्म याच कामात गेला होता. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या खोल्यांचे फोटो तो काढायचा. आत अंधार, बाहेर रणरणतं ऊन. खोली धरावी तर खिडकी पांढरीफटक, खिडकी धरावी तर खोलीत काळोख. अशा वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, एक काळपट, एक बेताचा, एक उजळ असे तीन फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर तिन्हींचा एक करायचा. एचडीआर म्हणतात त्याला. हल्लीची पोरं ते उठसूट लावतात, नवरीच्या तोंडालासुद्धा, आणि मग ती बिचारी उकडलेल्या रताळ्यासारखी दिसते. त्याचं डोकं फिरायचं ते बघून. उजेडात आणि अंधारात दोन्हीकडे बघण्यासारखं काही असेल आणि समोरचं काहीच हलत नसेल तरच त्या वाटेला जावं, एरवी एकच फोटो काढावा आणि गप घरी जावं, असं त्याचं म्हणणं.

आज दोन्हीकडचं हवं होतं. वारा पडलेला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. पुरिता तर काय, हलणार नव्हतीच. हे मनात आलं तसा तो ट्रायपॉड मांडायला लागला.

इसिंग म्हणाली, तू बाजूला हो, वहिनीचा एकटीचाच काढू. पण पोरीने बापालाही मागितलं होतं. तीन खटके होईस्तोवर खांबासारखा उभा राहीन, असं तो म्हणाला. मयताजवळ जागायला येऊन पत्ते खेळत बसलेल्या शेजाऱ्यांना अंगणात पाठवलं आणि इसिंगने बटण दाबलं.

तीन फोटोंचा एक झाला. काय सुरेख आला होता! पुरिताच्या गालावरचा तीळ, पेटीवरची फुलं, खिडकीतल्या झाडाचं पान न् पान. फक्त एलादियोच्या जागी धुरकट काहीतरी होतं, एकात एक घुसलेली तीन माणसं. त्याने पुन्हा काढायला लावला. पुन्हा तेच. हललेला माणूस एकाच फोटोतला उचलून बसवता येतो, म्हणून त्याने तिन्ही वेगळे करून पाहिले. एकात खांदे वर गेलेले, एकात ओठ वाकडे, एकात तोंड उघडं. आपण नुसते उभे होतो, असंच त्याला वाटत होतं. स्वतःचं ते तोंड बघून तो घाबरला. हे पोरीने पाहिलं तर ती तिथे जेवायचीसुद्धा नाही.

मग त्याने श्वास कोंडून एकच साधा फोटो काढवला. त्यात तो ताठ आला, पुरिता नीट आली, खिडकी मात्र पांढरीफटक. तोच पाठवून दिला.

थोड्या वेळाने रोवेनाचा फोन आला.

"ताताय, झाड कुठाय?"

"ऊन फार होतं गं."

"ऊन फार असलं की तुम्ही तीन काढता. सुट्टीत तुमच्याबरोबर येऊन पडदे मीच धरायचे ना? माणूस हलत असेल तेव्हाच तुम्ही एकावर भागवता."

एलादियोने कॉम्प्युटरचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"ते तीन पाठवा मला."

"नको बाळ. तुला बघवायचे नाहीत."

"पाठवा हो," ती म्हणाली. "रोज फोनवर तुम्ही ठणठणीत, आत्याही ठणठणीत. मला वाटायला लागलं होतं, नानायसाठी रडणारी जगात मी एकटीच उरलेय."

एलादियोने तिन्ही फोटो पाठवले. मग फोन कानाला धरून तो मागच्या पायरीवर जाऊन बसला आणि हुंदके देऊन रडला. तिकडून तिचं रडणं येत होतं. फोन दोघांनीही ठेवला नाही.